नदीचा श्वास राखणारा गाळ

भर उन्हाळ्यात पुण्यात मुठेच्या पुलावर उभे राहा. खाली वाहताना दिसते त्यातले बरेचसे पाणी आपल्याच मोऱ्या-संडासांतून आलेले असते. खडकवासल्याचे पाणी कालव्याने शेताला आणि पाइपाने शहराला जाते. पात्रात नदीचे स्वतःचे असे फारसे उरत नाही.

सांडपाण्यात जवळपास ९९.९ टक्के पाणीच असते. उरलेल्या हजारातल्या एका भागाने नदी मरते ती बहुतेकदा गुदमरून. घाण हे जिवाणूंचे अन्न. ती खाताना ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. एक लिटर घरगुती सांडपाण्यातली घाण पाच दिवसांत पचवायला त्यांना साधारण २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, हाच ‘बीओडी’. आणि २५ अंश तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे एक बादली सांडपाणी तीस बादल्या नदीचा श्वास संपवते. हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो, पण सावकाश. तोवर मासे तग धरत नाहीत.

मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, म्हणजे एसटीपी, जिवाणूंची ही पंगत नदीत बसू देत नाही. आधीच, टाकीत उरकून घेते. सुरुवातीला लोखंडी जाळ्यांवर चिंध्या, प्लॅस्टिक, गुटख्याच्या पुड्या अडकतात, मग वाळू खाली बसते. हे झाले निवडण-टिपण. खरे काम एअरेशन टाकीत. तिथे ब्लोअर तळातून अखंड हवा सोडतात आणि तपकिरी पाणी उकळल्यासारखे खदखदत असते.

ही युक्ती मँचेस्टरची. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्याच्या बाटल्यांत हवा सोडून पाहिली. पहिल्या खेपेला पाणी पुरते शुद्ध व्हायला काही आठवडे लागले. मग त्यांनी वरचे निवळ पाणी ओतून दिले, पण तळाचा गाळ ठेवला आणि त्यावर ताजे सांडपाणी घातले. दर खेपेला वेळ घटत गेला, शेवटी एका दिवसाच्या आत आला. १९१४ साली त्यांनी हे जाहीर केले. इतरांनी फेकून दिलेला गाळच कामकरी होता! विरजणासाठी थोडे दही राखून ठेवावे, तसेच हे. आजही टाकीतून बसलेला गाळ पुन्हा टाकीत फिरवतात. या कामामागचे त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

गाळाची तब्येत पाहायची रीत मला फार आवडते. टाकीतले पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास स्थिर ठेवतात. गाळ चांगला असेल तर त्याचे कण हळूहळू एकमेकांना धरून पुंजके होतात, खाली बसतात आणि वर नितळ पाणी राहते. वासही पावसाळी मातीसारखा येतो. वीज गेली, ब्लोअर बंद पडले, की काही तासांतच हे जिवाणू गुदमरू लागतात आणि वास सडका होतो. म्हणून टाकी बांधली एवढ्याने नदी वाचत नाही; हवा रात्रंदिवस चालू राहावी लागते.

नीट चाललेल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी १० मिलिग्रॅमच्या आसपास आणता येतो. मात्र नायट्रोजन आणि फॉस्फरस काढायला टाकीत हवा असलेले आणि नसलेले असे वेगळे टप्पे लागतात. तो खर्च टाळला, तर हीच द्रव्ये नदीला खताचे काम करतात आणि जलपर्णी माजते.

मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत साठते आणि तिथून पंढरपुरात चंद्रभागा होऊन वाहते. पुण्यात सकाळी मोरीत सोडलेल्या पाण्याची वाट ही अशी आहे. त्या वाटेवर ब्लोअर चालू होता की बंद, याचा परिणाम पंढरीच्या घाटावर स्नानाला उतरणाऱ्या वारकऱ्यापर्यंत पोचतो.