वॉलेट उघडत नाहीये, म्हणजे कॉइन गेले का?

बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा आणि वॉलेट सांभाळणारा प्रोग्राम) सुरू केलं आणि 'करप्टेड ब्लॉक डेटाबेस डिटेक्टेड' (ब्लॉकचा डेटाबेस खराब झालाय) असा मेसेज आला की पोटात गोळा येतोच, माझ्याही आलेला. पण त्या मेसेजमध्ये वॉलेट हा शब्दच नाहीये बघा.

प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये दोन वेगळ्या जातीचा डेटा असतो. एक म्हणजे २००९ पासूनच्या सगळ्या व्यवहारांचे ब्लॉक (म्हणजे गठ्ठे, त्यांची साखळी ती ब्लॉकचेन) आणि त्यावरून काढलेली शिल्लक-यादी, चेनस्टेट, याच्या कॉप्या जगभर पडल्यात, उडाला तर परत बनतो. दुसरी वॉलेट.डॅट, त्यात तुमच्या प्रायव्हेट की (कॉइन खर्च करायच्या गुप्त चाव्या), आणि ती तुमची तुम्हीच सांभाळायची. (कॉइन या फाइलमध्ये नसतातच, फक्त चाव्या असतात.)

बहुतेक वेळा बिघडतं ते चेनस्टेट. हा लेव्हलडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये असतो, बदल आधी रॅममध्ये साठतात आणि मग एकदम डिस्कवर जातात, नेमकी तेव्हाच लाइट गेली, किंवा डिस्कने 'लिहिलं' म्हणून सांगितलं पण माल अजून तिच्या कॅशमध्येच होता, की गडबड झालीच. प्रत्येक तुकड्यासोबत चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, एक बिट जरी उलटला तरी तो जुळत नाही आणि प्रोग्राम सरळ थांबतो, जे बरंच आहे, चुकीची शिल्लक दाखवण्यापेक्षा. अँटीव्हायरसनेही घोळ घातलाय, २०१४ मध्ये कुणीतरी जुन्या व्हायरसची खूण व्यवहारात टाकली आणि अँटीव्हायरस ब्लॉकचेनच्या फाइललाच व्हायरस समजायला लागला, नंतर बिटकॉइन कोअरच्या ०.१२ आवृत्तीपासून चेनस्टेट थोडा स्क्रॅम्बल करून ठेवतात.

तर प्रोग्राम बंद करा आणि आधी वॉलेट.डॅट दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, बाकी सगळं नंतर. मग प्रोग्राम 'रीइंडेक्स-चेनस्टेट' हा पर्याय देऊन सुरू करा (डिस्कवरच्या ब्लॉकवरून चेनस्टेट नव्याने बनतो), त्याने नाही झालं तर पूर्ण 'रीइंडेक्स', याला तासन्‌तास लागतात, कधी दिवसही. प्रून केलेला नोड असेल (म्हणजे जागा वाचवायला जुने ब्लॉक पुसून टाकणारा) तर ब्लॉक पुन्हा डाउनलोडच करावे लागतात.

वॉलेट.डॅटच खराब असेल तर मात्र खरी कटकट. जुनी वॉलेट बर्कली डीबी नावाच्या डेटाबेसची, त्यासाठी कोअरसोबतच्या बिटकॉइन-वॉलेट टूलमध्ये २०२५ च्या ३०.० आवृत्तीच्या आधी 'सॅल्व्हेज' होतं, म्हणजे जुनी आवृत्ती लागेल, सापडतील तेवढ्या की वेचून काढतं, पण ते कॉपीवरच चालवा. २०२२ च्या २३.० आवृत्तीपासून नवीन वॉलेट एस्क्युलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्ये बनतात, तिथे हे सॅल्व्हेज चालत नाही, बॅकअपच लागतो.

माझं रीइंडेक्स दोनदा अर्ध्यात मेलं, दर वेळी वेगळ्या ब्लॉकवर. शेवटी मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावला तर स्क्रीनभर लाल ओळी, रॅमची एक स्टिक गेलेली. ती काढली आणि तिसऱ्यांदा आरामात पूर्ण झालं.