हंबनटोटा बंदर चीनने कर्जापोटी जप्त केले का?

श्रीलंकेला कर्ज फेडता आले नाही, म्हणून चीनने हंबनटोटा बंदर ताब्यात घेऊन हिशेब मिटवला, ही कथा २०१७ पासून फिरते आहे. सावकाराने शेत बळकावावे तशी ती चटकन पटते. व्यवहार मात्र तसा झालाच नव्हता.

बंदर बांधायला कर्ज दिले चीनच्या एक्झिम बँकेने, म्हणजे सरकारी निर्यात-आयात बँकेने. २०१७ मध्ये ९९ वर्षांचा भाडेपट्टा केला तो चायना मर्चंट्स पोर्ट या वेगळ्याच कंपनीने (तीही सरकारी मालकीचीच, हे खरे). त्यासाठी तिने सुमारे ११२ कोटी डॉलर मोजले. हा पैसा बंदराच्या कर्जात वळता झाला नाही. त्याने श्रीलंकेची परकीय चलनाची गंगाजळी भरली. बंदराचे कर्ज माफ झाले नाही, त्याचे हप्ते सरकारच्याच माथी राहिले. बंदराची मालकीही श्रीलंकेकडेच आहे.

मग डॉलरची इतकी निकड का होती? कारण विदेशी कर्जातला मोठा वाटा चीनचा नव्हे, आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या सरकारी रोख्यांचा होता. रोख्यांचे व्याज चढे, आणि मुदत संपली की मुद्दल एकरकमी द्यायचे.

पण म्हणून काही चीन धुतल्या तांदळासारखा ठरत नाही. पहिल्या टप्प्याच्या सुमारे ३०.७ कोटी डॉलर कर्जावर ६.३ टक्के व्याज होते आणि बंदर तोट्यात चालले होते. ते तिथेच बांधण्याचा हट्ट मात्र कोलंबोतल्या राज्यकर्त्यांचाही होता.