बालमृत्यू, मुंबई शहरातील (सु. १९००–३०)

एक वर्षाच्या आत दगावलेल्या मुलांचे, त्या वर्षी नोंदलेल्या दर हजार जन्मांशी असलेले प्रमाण. मुंबईत १९२१ साली ते साडेसहाशेच्या वर होते. एका खोलीत वा तिच्या हिश्शात राहणाऱ्या कुटुंबांत आठशेच्या वर. दर तीन मुलांतली दोन गेली, असा याचा शब्दशः अर्थ घेता येत नाही.

गिरणगावातल्या अनेक बायका रत्नागिरी, सातारा या भागांतल्या. बाळंतपणाला त्या गावी जात. जन्म तिकडे नोंदला जाई, किंवा राहून जाई. तान्हे घेऊन बाई कामावर परतली आणि ते चाळीत दगावले, तर मृत्यू मुंबईच्या खाती पडे. शहरातले जन्मही सगळे नोंदले जात नसत. मृत्यू त्या मानाने कमी निसटत. अंश भरलेला, छेद तोकडा. म्हणून एकखोली आणि इतर कुटुंबांतला सारा फरक नोंदपद्धतीच्या माथी मारावा, हे मात्र पटत नाही. एकखोली कुटुंबांत स्थलांतरित अधिक, त्यामुळे तिथला आकडा फुगला असेल. तरी खोल्या वाढतील तशी या प्रमाणात होणारी घट एवढ्यानेच उलगडत नाही.

मृत्युकारणांत ‘अशक्तता’, ‘अपुऱ्या दिवसांचा जन्म’, श्वसनविकार आणि ‘आकडी’ ही नावे येतात. आकडी हे लक्षण आहे, रोग नव्हे. तिच्यात नवजात धनुर्वाताची मुले दडलेली असावीत. अस्वच्छ विळीने किंवा सुरीने नाळ कापल्यास हा रोग संभवतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो. पाचवी-सहावीला पुजल्या जाणाऱ्या सटवाईच्या भयाचा उगम काही जण यातच शोधतात. ते शक्य आहे, सिद्ध नाही.

बाळागोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. गिरणीच्या भोंग्याआधी ती दुधात उगाळून पाजली की मूल दिवसभर गुंगीत पडून राही, अंगावर पीत नसे. गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी अशी अफू दिली जाणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा ९८ सांगितले. यात आयांना दोष देणे अन्यायाचे आहे. रजा घेतली की मजुरी बुडे आणि घरी बाळाजवळ थांबायला कोणी नसे.

१९२८ मध्ये प्रसूतिलाभ विधेयकाला मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९२९ च्या कायद्याने प्रसूतीच्या रजेत रोज आठ आणे मिळू लागले. बाळंतपणाला गेलेल्या बाईचे मूल गावीच दगावले, तर ते मुंबईच्या या आकड्यांत कुठेही नाही.