पहिली मॅच देवाला?

२६ ऑक्टोबर २०१६. सकाळचे आठ वाजले होते, आपल्याकडे लोक डबे भरून कामाला निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मात्र तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती आणि ओरॅकल अरीनात एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या नव्या हंगामातला गोल्डन स्टेट वॉरियर्सचा पहिला सामना सुरू होत होता. घरचं कोर्ट, समोर सॅन अँटोनियो स्पर्स.

त्या सामन्याची वाट किती आतुरतेने पाहिली गेली होती, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आदल्या हंगामात वॉरियर्सने ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. एनबीएत तोवर कोणत्याच संघाला ते जमलं नव्हतं. हंगामाची सुरुवातच त्यांनी सलग २४ विजयांनी केली होती. अंतिम फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे असतात. तिथे क्लीव्हलंडविरुद्ध ३-१ अशी आघाडी होती, ती घालवून ते हरले. ती जखम ओली असतानाच ४ जुलैला केव्हिन ड्युरंट या दुसऱ्या संघातल्या मोठ्या खेळाडूने जाहीर केलं की आपण वॉरियर्सकडून खेळणार. स्टेफ करी, क्ले थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन हे संघात आधीच होते आणि आता ड्युरंट. चाहत्यांनी पुढचे पावणेचार महिने मनातल्या मनात सामने जिंकण्यात काढले.

निकाल लागला तो असा: स्पर्स १२९, वॉरियर्स १००. घरच्या कोर्टवर २९ गुणांनी हार.

माझा एक मावसभाऊ ओकलंडजवळच्या फ्रीमाँटला असतो. त्याने मला फोन करून एवढंच सांगितलं, “आपण हरलो रे.” कोर्टवर तो नव्हता, तिकीट काढून अरीनातही गेला नव्हता. तरीही शब्द आला तो ‘आपण’. या लेखाचं मूळ त्या एका शब्दात आहे.

या ‘आपण’वर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७६चा अभ्यास प्रसिद्ध आहे. अमेरिकी विद्यापीठांत शनिवारी फुटबॉलचा सामना होतो. संघ जिंकला असेल, तर सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घातलेली मुलं जास्त दिसायची. मुलांना फोन करून सामन्याबद्दल विचारलं, तर जिंकलेल्या सामन्याचं वर्णन करताना ‘आपण’ जास्त यायचं आणि हरलेल्या सामन्यात ते कमी व्हायचं. विजय आपला, पराभव त्यांचा.

पण कट्टर चाहत्याला ही सोय नसते. हरल्यावरही त्याचं ‘आपण’ सुटत नाही, आणि ते त्याला महागात पडतं. १९९२ साली एडवर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांनी इंडियाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच संघाचे बास्केटबॉल सामने दाखवले. सामना संपल्यावर त्यांना स्वतःबद्दल अंदाज करायला सांगितले: छोट्या बास्केटमध्ये चेंडू टाकण्यात, शब्दकोडं सोडवण्यात, एखाद्या व्यक्तीला आपल्यासोबत बाहेर येण्यासाठी राजी करण्यात तुम्हाला किती यश येईल? संघ हरलेला पाहिलेल्यांचे स्वतःबद्दलचे अंदाज खाली घसरले होते. दुसऱ्या कुणाचे फेकलेले चेंडू बास्केटमध्ये गेले नाहीत आणि इथे सोफ्यावर बसलेल्या पोराला वाटू लागलं की आपल्याला शब्दकोडंही सुटणार नाही. मला हा प्रयोग फार हलवून जातो.

शरीरही यात सामील असतं. १९९८च्या एका अभ्यासात जॉर्जियातल्या दोन प्रतिस्पर्धी विद्यापीठांमधला बास्केटबॉल सामना पाहणाऱ्या पुरुषांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक सामन्याआधी आणि नंतर मोजलं. जिंकलेल्यांच्या चाहत्यांमध्ये ते सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वाढलं, हरलेल्यांच्या चाहत्यांमध्ये जवळपास तेवढंच उतरलं. माणसं मोजकीच होती, त्यामुळे नेमक्या आकड्याला फार चिकटून राहू नये. पण दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. “एवढं काय मनाला लावून घेतोस, खेळ तर आहे” असं घरचे म्हणतात तेव्हा ज्याला ते म्हणतात त्याच्या रक्तात खरोखर काहीतरी बदललेलं असतं. त्याच्या दुःखाची थट्टा करू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग पहिल्याच सामन्यातली हार इतकी का झोंबते? हंगामाच्या मध्यावरची हीच हार दोन दिवसांत विसरली जाते. याचं उत्तर मेंदूच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब प्रथम माकडांमध्ये उलगडला. वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशींची हालचाल नोंदवत होते. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात पेटायच्या. रसाआधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांनी पेशी ती खूण दिसताच पेटू लागल्या. प्रत्यक्ष रस आला तेव्हा काहीच हालचाल नाही, कारण तो अपेक्षितच होता. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जायचं. म्हणजे या पेशी मिळालेल्या सुखाची नोंद ठेवत नाहीत. मिळालं किती आणि मिळेल असं वाटलं होतं किती, यातला फरक त्या सांगतात.

४ जुलैची घोषणा ही ती खूण होती. वॉरियर्सच्या चाहत्यांनी आनंद तेव्हाच उचलला होता, जणू उसना. २५ ऑक्टोबरच्या रात्री त्याची फेड करायची वेळ आली.

अपेक्षाभंगाची ही बाजू नुसत्या उदासीवर थांबत नाही. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकी फुटबॉलच्या निकालांची पोलिसांकडच्या नोंदींशी सांगड घातली. सट्टेबाजारानुसार जो स्थानिक संघ किमान चार गुणांनी जिंकायला हवा होता तो हरला, तर त्या भागात पुरुषांनी घरात बायकोवर किंवा मैत्रिणीवर हात उगारण्याच्या घटना सुमारे १० टक्क्यांनी वाढत. चुरशीचा होईल असा अंदाज असलेला सामना हरला, तर अशी वाढ दिसली नाही. पराभव दोन्हीकडे होताच, फरक फक्त अपेक्षेचा. दुःख समजून घ्यावं असं मी वर म्हटलं, ते दुःख दुसऱ्यावर काढण्याबद्दल मुळीच नाही.

आता दुसरी बाजू. त्या रात्रीने मन किती दुखावलं ते पाहिलं, पण संघाबद्दल त्या रात्रीने नेमकं सांगितलं किती? इथे मी जरा आकड्यांत शिरणार आहे, कारण खरी गंमत इथेच आहे.

वॉरियर्सने त्या रात्री दुरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून, ३३ चेंडू फेकले. त्यातले ७ बास्केटमध्ये गेले. पूर्ण हंगामात या संघाचं दुरून फेकण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांच्या थोडं वर राहिलं. त्या हिशेबाने ३३पैकी बारा-तेरा जायला हवे होते. असा नेम असलेला संघ ३३पैकी फक्त ७ किंवा त्याहून कमी चेंडू टाकेल, अशी शक्यता साधारण तीन टक्के येते. तीन टक्के म्हणजे अगदीच दुर्मीळ वाटतं. पण ८२ सामन्यांच्या हंगामात तीन टक्के म्हणजे दोन-तीन रात्री. इतक्या उत्तम संघाच्याही वाट्याला अशा दोन-तीन रात्री येणारच होत्या, त्यातली एक पहिल्याच दिवशी आली. समोर स्पर्सने २४पैकी १२ टाकले, त्यांच्या नेहमीच्या प्रमाणाने नऊ-दहा गेले असते. दोन्ही बाजूंचा फरक गुणांत मांडला तर जवळजवळ २५ गुण होतात, आणि हार होती २९ गुणांची.

सगळं नशिबावर ढकलायचं नाही. बचाव चांगला असेल तर दुरूनचे फेकही बिघडतात. आणि स्पर्सचा त्या दिवसाचा खेळ अप्रतिम होता. त्यांचा आधारस्तंभ टिम डंकन निवृत्त झाल्यावरचा त्यांचा हा पहिला सामना, क्वाइ लेनर्डने एकट्याने ३५ गुण केले. बोर्डावरून परतलेले चेंडू, म्हणजे रिबाउंड, स्पर्सने ५५ घेतले आणि वॉरियर्सने ३५. हा फरक नेमाचा नाही. ड्युरंटला आणण्यासाठी वॉरियर्सने अँड्र्यू बोगट आणि फेस्टस इझेली हे उंच खेळाडू जाऊ दिले होते. “बास्केटखाली आता कोण उभं राहणार?” हा त्या रात्री चाहत्यांना पडलेला प्रश्न अगदी रास्त होता. चाहत्याची नजर तयार असते, फक्त ती काय पाहते आणि त्यावरून केवढा निष्कर्ष काढते यात अंतर पडतं.

हे अंतर मोजता येतं. समजा, हंगामाआधी ज्यांच्याबद्दल सारख्याच मोठ्या आशा आहेत असे १०० संघ आहेत. त्यातले ८० खरोखर उत्तम, चारपैकी तीन सामने जिंकणारे. उरलेले २० नुसतेच गाजावाजा झालेले, निम्मे सामने हरणारे. पहिल्या रात्री उत्तम संघांपैकी २० हरतील आणि मध्यम संघांपैकी १०. म्हणजे त्या रात्री पराभूत झालेल्या ३० संघांपैकी २० उत्तमच असतील. सामन्याआधी खात्री होती ८० टक्के, हरल्यावर ती ६७ टक्के व्हायला हवी. कमी झाली, पण कोसळली नाही. दुसराही सामना गेला, तर मात्र २० उत्तमांपैकी ५ आणि १० मध्यमांपैकी ५ उरतात आणि मामला निम्म्यानिम्मा होतो. एनबीएतल्या निकालांचा पसारा पाहता, संघाची गुणवत्ता आणि निव्वळ योगायोग यांचं वजन सारखं व्हायला साधारण बारा-चौदा सामने लागतात. तोवर गुणतालिका योगायोगच जास्त दाखवत असते. अमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिलं होतं की संख्याशास्त्रात मुरलेली माणसंही अगदी छोट्या नमुन्यावर मोठा भरवसा टाकतात. मग सामना नुकताच संपलेला असताना चाहत्याने टाकला, तर त्यात नवल नाही.

वाईट सुरुवात पुढे दोन्ही दिशांनी जाते. २०१० साली लेब्रॉन जेम्स हा तारा मायामी हीटमध्ये आला, संघ बॉस्टनविरुद्ध पहिलाच सामना हरला आणि १७ सामन्यांनंतर ९ विजय, ८ पराभव असा अडखळत होता. कोच एरिक स्पोलस्ट्राला काढा, अशी ओरड झाली. त्याला काढलं नाही. संघाने ५८ सामने जिंकले, अंतिम फेरी गाठली, आणि पुढची दोन्ही विजेतेपदं मिळवली. २०१२मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने कोबी ब्रायंटच्या जोडीला स्टीव्ह नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड आणले. पाचपैकी चार सामने गेले आणि ९ नोव्हेंबरला कोच माइक ब्राउनची गच्छंती झाली. त्याच संध्याकाळी प्रेक्षक लेकर्सचा जुना कोच फिल जॅक्सन याच्या नावाने घोषणा देत होते. तो हंगाम ४५ विजयांवर आणि पहिल्याच फेरीतल्या ०-४ पराभवावर संपला. तिथे वाईट सुरुवात खरी ठरली. पण नॅशचा पाय दुसऱ्याच सामन्यात मोडला होता, हे पहिल्या रात्री कुणाला कळणार होतं?

आपल्याकडे याच दुखण्यावर एक घरगुती औषध आहे. मुंबई इंडियन्स २०१३पासून २०२४पर्यंत प्रत्येक हंगामातला पहिला सामना हरले. बारा वर्षं, बारा हार. त्याच बारा वर्षांत पाच विजेतेपदं. २०१५ला तर पहिले चार सामने गेले होते, तरी चषक मुंबईतच आला. मुंबईचे चाहते म्हणतात, “पहिली मॅच देवाला.” आधी ही मला नुसती समजूत वाटायची. शुल्ट्झची माकडं वाचल्यावर कळलं की या तीन शब्दांत मेंदूचा नेमका उपाय आहे. सामना सुरू होण्याआधीच अपेक्षा खाली ठेवली, तर जे मिळेल आणि जे मिळेल असं वाटलं होतं त्यातला फरकच उरत नाही. पहिला घास बाजूला काढून ठेवावा तसा तो सामना काढून ठेवायचा. ओकलंडच्या चाहत्यांकडे असं काही नव्हतं. आदल्या वर्षीच्या सलग २४ विजयांनी त्यांना उलटीच सवय लागली होती.

दुःख किती दिवस टिकेल याचा अंदाजही माणसं चुकवतात. टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली फुटबॉलच्या चाहत्यांना विचारलं होतं की निकालाचा परिणाम तुमच्या मनावर किती काळ राहील. प्रत्यक्षात तो त्यांच्या अंदाजापेक्षा बराच लवकर ओसरला. आणि ज्यांना आधी पुढच्या दिवसांतली इतर कामं आठवायला सांगितली होती, अभ्यास, मित्र, जेवणखाण, त्यांचे अंदाज वास्तवाच्या जास्त जवळ होते. दुःखात असताना आपल्याला फक्त सामनाच दिसतो, उद्याचा दिवस दिसत नाही.

वॉरियर्सचे पुढचे दिवस असे गेले. त्यांनी लागोपाठ चार सामने जिंकले. मग ४ नोव्हेंबरला लेकर्सकडून हरले. त्या सामन्यात करीने दुरून दहा चेंडू फेकले, एकही गेला नाही. किमान एक तीन गुणांचा फेक यशस्वी झालेल्या सामन्यांची त्याची साखळी १५७वर तुटली. काळजी पुन्हा सुरू झाली: ड्युरंट आल्यामुळे करीचा सूर हरवला का?

तीन दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, त्याच ओरॅकल अरीनात न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सविरुद्ध करीने दुरून १७ चेंडू फेकले आणि १३ बास्केटमध्ये टाकले. एनबीएच्या एका सामन्यात तोवर कुणीही तेवढे टाकले नव्हते. त्या सकाळी मावसभावाने परत फोन केला. संघ, गुण, विक्रम यातलं काही न सांगता तो आधी म्हणाला, “पाहिलंस का आपल्याला?”