पत्र्यावरचा दगड

मे संपत आला की कोकणात घरांच्या पत्र्यांवर दगड, जुने टायर, वाळूची पोती चढू लागतात. वजन वाढवलं की पत्रा उडणार नाही, अशी समजूत. ती किती तोकडी आहे, हे साध्या हिशेबाने कळतं.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो भरतो. ताशी १२० ला तो ७० किलोच्या आसपास जातो. वेग दुप्पट, दाब चौपट. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळातले झोत याच १२० च्या घरातले होते. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या बागा त्यात आडव्या झाल्या.

वारा छपराला नुसता ढकलत नाही, तो ते वर ओढतो. छपरावरून जाताना त्याचा वेग वाढतो, वरचा दाब घटतो आणि पत्रा उचलला जातो. दहा फुटी पत्र्यावर ही ओढ दोनशे किलोपर्यंत जाऊ शकते, कडांना आणि कोपऱ्यांना त्याहूनही जास्त. पत्र्याचं वजन जेमतेम पंधरा किलो. त्यावर दहा-दहा किलोचे चार दगड ठेवून काय होणार? उलट तेच दगड खाली कोसळून कोणाच्या तरी डोक्यात बसायचे. पत्रा वाश्याला हुकांनी आणि वासा भिंतीला पट्टीने घट्ट जखडलेला हवा. कडेला हुक जवळजवळ हवेत. हे काम पावसाआधीच, निरभ्र दिवशी उरकायचं. वारा सुटल्यावर छपरावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ.

‘खिडक्या उघड्या ठेवा, वारा आरपार जाईल’ हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. तो चुकीचा आहे. आत घुसलेला वारा छपराला खालून रेटतो, वरची ओढ चालूच असते. दारं-खिडक्या घट्ट लावून काचांपासून दूर, आतल्या खोलीत बसावं. घर कच्चं असेल तर वादळाआधीच पक्क्या इमारतीत जावं.

चक्रीवादळ नसतानाही धोका असतोच. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वळवाच्या वाऱ्यात पेट्रोल पंपावर १२० फूट लांब-रुंद जाहिरात फलक कोसळला. १७ माणसं गेली. एवढ्या फलकावर ताशी ६० च्या वाऱ्याचाही रेटा वीस टनांवर जातो. म्हणून आडोसा शोधताना फलक, झाड, जुनी भिंत यांच्याखाली थांबू नये.

आणि एक. चक्रीवादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावर आला की वारा अचानक पडतो, कधी आभाळही उघडतं. माणसं पडझड बघायला बाहेर येतात, गुरं सोडायला जातात. डोळा सरकला की तोच वारा उलट्या दिशेने, तेवढ्याच जोराने येतो आणि पहिल्या झोतात मुळं सैल झालेली झाडं आता दुसऱ्या बाजूला कोसळतात. वादळ सरल्याचं प्रशासनाने कळवेपर्यंत दाराची कडी काढू नका.