बेसिकमधील ॲरे

एकाच नावाखाली अनेक किमती क्रमाने साठवण्याची सोय म्हणजे ॲरे. त्यातल्या प्रत्येक किमतीला घटक आणि कंसात लिहिलेल्या तिच्या क्रमांकाला निर्देशांक म्हणतात. महिन्याभराच्या पावसाचे आकडे ठेवायला एकतीस वेगवेगळी चले घेण्याऐवजी पी(१) ते पी(३१) असा एकच ॲरे पुरतो. बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी जागा राखण्याचे काम डिम ही आज्ञा करते. पुढचा प्रोग्रॅम ३१ आकडे विचारून एस मध्ये त्यांची बेरीज करतो आणि सरासरी छापतो. (संगणकावर आज्ञा रोमन लिपीतच टाइप कराव्या लागतात, येथे वाचनासाठी देवनागरीत दिल्या आहेत.)

१० डिम पी(३१)
२० फॉर आय = १ टू ३१
३० इनपुट पी(आय)
४० एस = एस + पी(आय)
५० नेक्स्ट आय
६० प्रिंट एस / ३१

ओळ १० मधील ३१ ही घटकांची संख्या नव्हे, तो शेवटचा निर्देशांक आहे. बहुतेक बेसिकांत मोजणी शून्यापासून होते, म्हणून येथे प्रत्यक्षात ३२ जागा मिळतात आणि पी(०) रिकामी राहते. काही जण बेरजेसाठी एस न घेता ही फुकटची जागाच वापरतात. चालते, पण दुसऱ्याने प्रोग्रॅम वाचायला घेतला की तो गोंधळतो.

ही शून्याची जागा सुरुवातीला नव्हती. जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ या गणितज्ञांनी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात घडवलेली बेसिक मे १९६४ मध्ये चालू झाली, तेव्हा निर्देशांक १ पासून होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शून्य आला. कारण गणिती होते: बहुपदीच्या घनपदाचा सहगुणक ए(३) मध्ये ठेवायचा, तर स्थिरपदाला ए(०) हीच जागा शोभते. गंमत म्हणजे मॅट्रिक्सच्या बेरीज-गुणाकारासाठी पुढे आलेल्या मॅट आज्ञा शून्याची ओळ आणि शून्याचा स्तंभ विचारातच घेत नसत. वाद मिटावा म्हणून १९७८ च्या अमेरिकी प्रमाण बेसिकमध्ये ऑप्शन बेस ही आज्ञा आली. मोजणी ० पासून की १ पासून, हे तिने ठरवता येते.

डिम न लिहिताही ॲरे वापरता येतो. तसे केल्यास मायक्रोसॉफ्टच्या जीडब्ल्यू-बेसिकसारख्या आवृत्त्या शेवटचा निर्देशांक १० धरतात. नवशिक्याला ही सवलत महाग पडते: दहा नोंदींवर बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम अकरावीला ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’ म्हणून थांबतो. आधी ए(५) वापरून मग डिम ए(५०) लिहिले, तर ‘डुप्लिकेट डेफिनिशन’ ही चूक येते, कारण अकरा जागांचा ॲरे तोवर तयार झालेला असतो. दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणाऱ्या गोटू या आज्ञेने डिमच्या ओळीवर परत गेल्यासही हेच घडते. नव्याने डिम करायचे तर आधी इरेझ आज्ञेने जुना ॲरे पुसावा लागतो, आणि त्यातल्या किमतीही जातात.

दोन मितींचा ॲरे तक्त्यासारखा असतो. डिम एम(४०,६) ने ४१ गुणिले ७, म्हणजे २८७ घटक मिळतात. जीडब्ल्यू-बेसिकला प्रोग्रॅम आणि माहिती मिळून सुमारे ६० हजार बाइटच मोकळे असत. साध्या दशांश संख्येला ४ बाइट लागतात, त्यामुळे डिम ए(१००,१००) एकटाच ४०,८०४ बाइट खातो. पूर्णांकांवर काम भागत असेल तर नावापुढे टक्क्याचे चिन्ह लावून तीच गरज निम्म्यावर आणता येते.

बोलीभेद बरेच आहेत. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातल्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकाच्या बेसिकमध्ये मोजणी शून्यापासूनच होती. सिंक्लेअर स्पेक्ट्रम या संगणकावर मात्र ती १ पासून, डिम सक्तीचे, आणि डिम ए$(१०,२०) म्हणजे प्रत्येकी नेमक्या २० अक्षरांच्या १० ओळी. अटारी संगणकांच्या बेसिकमध्ये मजकुराचा ॲरे नव्हताच. तेथे डिम ए$(१००) ने एकाच मजकुराची कमाल लांबी ठरे.

मायक्रोसॉफ्टच्याच क्विकबेसिकने डिम ए(१ टू ३१) अशी दोन्ही टोके सांगण्याची सोय दिली, आणि ही पद्धत सर्वांत स्वच्छ म्हणावी लागेल. पुढे आलेल्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये ती उरली नाही. त्याच्या पहिल्या बीटा, म्हणजे चाचणीच्या, आवृत्तीत कंसातला आकडा घटकसंख्या मानण्याचा बदल केला होता, पण जुन्या प्रोग्रॅमरांच्या विरोधामुळे मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये तो मागे घेतला. ॲरे मोठा करताना किमती टिकवायच्या तर तेथे रीडिम प्रिझर्व्ह ही आज्ञा वापरतात. तिने फक्त शेवटची मिती वाढते, म्हणून जी बाजू वाढत जाणार आहे ती कंसात शेवटी लिहितात.