ख्रिस्ती कुटुंबातील आरोग्यप्रार्थना व पश्चात्ताप

घरातले माणूस आजारी पडले असता घरच्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी, त्याच्यावर हात ठेवावे किंवा त्याला तेल लावावे आणि त्याच वेळी एकमेकांविरुद्ध केलेले अपराध कबूल करून समेट करावा, अशी ही दुहेरी प्रथा. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट व पेंटेकॉस्टल या सर्व परंपरांत ती कमी-अधिक प्रमाणात आढळते. पश्चात्तापामुळे आरोग्य मिळते, की दोन्ही एकाच कृपेच्या दोन बाजू आहेत, हा या विषयातला सर्वांत जुना वाद आहे.

संज्ञा : मराठी ‘पश्चात्ताप’ या शब्दात मागाहून होणाऱ्या तापाचा, मनस्तापाचा अर्थ आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ याचा अर्थ मन पालटणे असा होतो. त्यामागच्या हिब्रू धातूचा अर्थ वळणे, परतणे असा आहे. नुसत्या हळहळीसाठी ग्रीकमध्ये वेगळे क्रियापद असून मत्तयाच्या शुभवर्तमानात ते येशूला धरून देणारा शिष्य यहूदा याच्याबद्दल वापरले आहे (२७:३). लॅटिन भाषांतरात मेटानोइयासाठी ‘प्रायश्चित्त करा’ अशा अर्थाची शब्दयोजना रूढ झाली. इरॅस्मस या डच विद्वानाने सोळाव्या शतकाच्या आरंभी तिला आक्षेप घेतला आणि ‘शुद्धीवर या’ अशा अर्थाचा पर्याय सुचवला. कुटुंबाच्या संदर्भात हा फरक महत्त्वाचा ठरतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून रडणारा मुलगा आणि बापाशी धरलेला अबोला सोडून परत बोलू लागणारा मुलगा, यांपैकी दुसऱ्याला मेटानोइया हा शब्द लागू पडतो. लूकच्या शुभवर्तमानातील घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाच्या दाखल्यातही (१५:११–३२) तो उठून घराकडे निघतो, या कृतीवरच भर आहे.

बायबलमधील आधार : मुख्य आधार याकोबाच्या पत्रातील ५:१४–१६ हा उतारा. आजाऱ्याने मंडळीच्या (चर्चच्या) वडिलांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील, प्रभू त्याला उठवील, आणि सर्वांनी एकमेकांजवळ पापे कबूल करावी, असा त्याचा आशय आहे. पत्राचा काळ निश्चित नाही. ते येशूचा भाऊ याकोब याचे मानले तर त्याच्या वधापूर्वीचे, म्हणजे सुमारे इ. स. ६२ च्या आधीचे ठरते. अनेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरचे मानतात. उताऱ्यातील यहुदी वळण पाहता त्यातील प्रथा तरी बरीच जुनी असावी.

मराठी वाचकाची येथे एक गफलत होऊ शकते. ‘वडील’ या शब्दाने घरातला बाप डोळ्यांपुढे येतो, परंतु मूळ शब्द मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांसाठी आहे. म्हणजे उताऱ्याचा पहिला भाग घराबाहेरून माणसे बोलावतो. घरच्यांना थेट लागू होतो तो ‘एकमेकांजवळ’ हा शब्द असलेला दुसरा भाग. त्यातही पाठभेद आहे, म्हणजे जुन्या हस्तलिखितांतील शब्द वेगवेगळे आहेत. काही हस्तलिखितांत ‘पापे’ आहे, तर उत्तरकालीन बिझँटाइन पाठात ‘अपराध’. त्याच पाठात ‘म्हणून’ हे जोडणारे अव्ययही गळाले आहे. ‘म्हणून’ असलेला पाठ अधिक विश्वसनीय मानला जातो, आणि तो घेतला की कबुलीचा आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेशी असलेला धागा स्पष्ट दिसतो. ‘वाचवील’ आणि ‘उठवील’ ही क्रियापदेही दुहेरी आहेत. त्यांतून अंथरुणातून उठणे आणि मरणातून उठणे असे दोन्ही अर्थ निघतात.

तथापि या उताऱ्यातला सर्वांत मोलाचा शब्द ‘तर’ हा होय. आजाऱ्याने पापे केली असतील ‘तर’ त्याला क्षमा होईल, असे पत्र म्हणते. पाप हे आजाराचे कारण म्हणून तेथे गृहीत धरलेले नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी उचलून आणलेल्या पक्षाघात झालेल्या माणसाला आधी क्षमा व मग आरोग्य मिळते. उलट योहान ९:३ मध्ये जन्मांध माणसाबद्दल, याने किंवा याच्या आईबापांनी पाप केले असे नाही, असे येशू स्पष्ट सांगतो. योहान ४:४६–५३ मध्ये मुलगा आधी बरा होतो आणि नंतर सारे घर विश्वास ठेवते. क्रमाचा एकच नियम या वृत्तांतांतून काढता येत नाही, आणि ज्यांनी तो काढला त्यांनी आजाऱ्यांवर नाहक दोष लादला.

घरातील तेल : तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने याकोबाचा हा उतारा पापक्षमेच्या संदर्भात उद्धृत केला. पाचव्या शतकातील पुरावा अधिक बोलका आहे. पोप पहिले इनोसंट यांनी इ. स. ४१६ मध्ये गुब्बिओचे बिशप डेसेंटिउस यांना पाठवलेल्या पत्रात म्हटले आहे, की बिशपने आशीर्वादित केलेले तेल केवळ धर्मगुरूंनीच नव्हे, तर सर्व ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या वा आपल्या माणसांच्या गरजेला वापरावे. म्हणजे त्या काळी आई मुलाला हे तेल लावू शकत होती. प्रायश्चित्त चालू असलेल्यांना मात्र ते लावू नये, असेही त्याच पत्रात आहे. समेट आधी, तेल नंतर, हा क्रम येथे शिस्त म्हणून दिसतो.

पश्चिम युरोपातील कॅरोलिंजियन राजवटीच्या काळापासून (आठवे-नववे शतक) तैलाभ्यंग, म्हणजे तेल लावण्याचा विधी, धर्मगुरूंकडे गेला आणि हळूहळू मृत्युशय्येवरचा अंतिम संस्कार बनला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५५१ मध्ये त्याचे संस्कारपण ठामपणे मांडले. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात १५४९ मध्ये असलेला तैलाभ्यंग १५५२ च्या आवृत्तीतून वगळला गेला. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये कॅथलिक विधीची पुनर्रचना केली. तेव्हापासून कपाळ व हातांना तेल लावतात आणि मरण जवळ येण्याची वाट पाहत नाहीत. ऑर्थोडॉक्स विधीत शक्यतो सात धर्मगुरू, सात शुभवर्तमान-वाचने आणि सात वेळा अभ्यंग असतो. त्याच परंपरेत ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या तोंडावरचा रविवार क्षमेचा असतो. त्या दिवशी प्रत्येकजण दुसऱ्यापुढे वाकून क्षमा मागतो. आईबापही मुलांपुढे वाकतात. वयाचा मान त्या घटकेपुरता बाजूला ठेवला जातो, ही या विधीतली सर्वांत हृद्य गोष्ट आहे.

म्यॉटलिंगन : आधुनिक काळातील विशेष अभ्यासले गेलेले उदाहरण जर्मनीतील व्ह्युर्टेमबर्ग भागातले आहे. म्यॉटलिंगन या खेड्याचे पाळक योहान क्रिस्टोफ ब्लूमहार्ट १८४२–४३ मध्ये भावंडांसह राहणाऱ्या गॉटलीबिन डिटूस या तरुणीसाठी प्रार्थना करत होते. डिसेंबर १८४३ च्या अखेरीस तिच्या बहिणीच्या तोंडून ‘येशू विजयी आहे’ असा आक्रोश निघाला आणि गॉटलीबिनचा त्रास थांबला. ब्लूमहार्ट यांनी याला भूतबाधा मानले, तर नंतरच्या काही अभ्यासकांनी मानसिक विकार. १८४४ पासून गावकरी एकेक करून पाळकाच्या घरी पापे कबूल करायला येऊ लागले. म्हणजे येथे पश्चात्ताप आरोग्यामागून आला. पुढे १८५२ मध्ये ब्लूमहार्ट यांनी बाड बोल येथे आश्रयस्थान उभारले. गॉटलीबिन त्यांच्या घरचीच होऊन राहिली.

वंशावळीचे आरोग्य : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वजांच्या पापांमुळे वंशजांना आजार जडतात, असे मानणाऱ्या प्रार्थना पसरल्या. केनेथ मॅकॉल या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाच्या १९८२ च्या पुस्तकाने त्यांना चालना दिली. आधार म्हणून बापाच्या अपराधाबद्दल पुढच्या पिढ्यांना शासन होते असे सांगणारे निर्गम २०:५ हे वचन दाखवले जाते. यहेज्केल १८ मात्र मुलगा बापाचे पाप वाहणार नाही असे सांगतो, आणि या वादात तोच पक्ष बळकट आहे. फ्रान्स (२००७), पोलंड (२०१५) व स्पेन (२०२४) येथील कॅथलिक बिशपांनी अशा प्रार्थनांविरुद्ध इशारे दिले.

वैद्यकाशी संबंध : अमेरिकेत १९७५ ते १९९५ या काळात धार्मिक कारणाने उपचार न मिळालेल्या १७२ बालमृत्यूंचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४० मुले अशा आजारांची होती, की उपचार झाले असते तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक होती. हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरील २००६ च्या प्रयोगात अनोळखी लोकांच्या प्रार्थनेचा लाभ आढळला नाही. तो प्रयोग घरच्यांच्या प्रार्थनेविषयी किंवा समेटाविषयी नव्हता, हे लक्षात ठेवावे लागते.

इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या बेन सिराच्या ग्रंथात (३८:१–१५) आजाऱ्याला आधी प्रार्थना करायला, मग पाप सोडायला आणि त्यानंतर वैद्याला जागा द्यायला सांगितले आहे, कारण वैद्यालाही देवानेच निर्मिले. हा ग्रंथ कॅथलिक व ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये आहे. प्रॉटेस्टंट बायबलच्या प्रमाणित ग्रंथांत त्याचा समावेश होत नाही.